केळीचं आणखी एक पान

काठुरे,

तुला न उठवताच निघालो. मका-घेवड्याची गिथेरी पातेल्यात आहे, गरम करून खा.

काल जेवताना तू म्हणालीस, "बाबा, समुद्रावरून वळसा घातला की उशीर होतो, मिराचे चघळायचे कोवळे कोंब सुकतात आणि मोगादिशूचे व्यापारी मला शिव्या घालतात. तुम्ही पुस्तकं वाचा, विमान मी उडवते." विमानातलं मला काय कळतं? पण लढाई चालू आहे त्या भागावरून कमी उंचीने जाऊ नये, असं तुम्हा वैमानिकांना आलेल्या सूचनेतच लिहिलं आहे. तुझं लहान विमान त्या धोक्याच्या उंचीहून वर चढत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस.

म्हणून म्विरिगीमामाच्या गोदामात चाललो आहे. तो हसेल, "मास्तर, तुम्ही आणि मिरा?" हसू दे. आजच्या जुड्या केळीच्या दुहेरी ओल्या पानांत बांधायला सांगतो. तुझी आई लांबच्या बाजारासाठी तशाच बांधायची. माझं काही चुकत असेल तर मामा सांगेलच. तो बांधून देईपर्यंत मी तिथून हलणार नाही.

माल ताजा राहील. समुद्रावरून जा, पोरी.

बाबा