तिसऱ्यांदा दाबला की लागतो

मंगळवार, २ जानेवारी २०२४

पुढंमागं ही वही कोणी वाचलीच, तर त्याला आधीच सांगते — बाबा, तुझं डोकं चाळणीवाणी हाय. मागच्या पानावरचं पुढच्या पानावर येईस्तोवर गळून जातं. दिवाळीपासून लिहवतेय, तू सगळं विसरला असशील. म्हणून परत सांगते.

मी सारजाबाई, पडेगावची. पोलीस ॲक्शनच्या साली पाळण्यात होते, म्हणून शाळा हुकली असं सांगते. खरं म्हणजे नंतरही कोणी घातली नाय. बोलते मी, लिहिते सून आवडा. तिच्याबद्दल बोलले तरी लिहिते. फक्त पेन दाबून लिहिते.

लेक बन्सी, त्याची मोठी पिकअप. पेरूची बाग घाटाच्या वर, खुलताबादच्या अंगाला. रोज चाळीस क्रेट भरायचे, मी पुढं त्याच्या शेजारी बसायचं, किल्ल्यापाशी उतरायचं. तिथं मी पेरू विकते, मीठ-तिखट लावून. तो पुढं मंडीला जातो.

आज घाट उतरताना ब्रेक पुन्हा खाली गेला. पाय पत्र्याला टेकला तरी गाडी आपली चाललीच. एकदा दाबला, दोनदा दाबला, तिसऱ्यांदा लागला. मी शेंगदाणे खात होते. एक तसाच गिळला.

"माय, भ्याली का?"

"नाय रे. तू ब्रेकला किती नमस्कार घालतो ते मोजत होते."

नवी गाडी, दसऱ्याची. उद्या शोरूमला न्यायची म्हणतो.

बुधवार, ३ जानेवारी

सकाळपासून लग्नघर. बन्सीनं क्रेट उतरवले, गाडी धुतली, काचा पुसल्या. आवडानं बोनेटला हळदकुंकू लावलं. बन्सीनं इस्त्रीचा सदरा घातला. तक्रार करायला चाललाय का सोयरीक करायला, तेच कळंना.

शोरूम वाळूजच्या रस्त्याला. तिथले सर्व्हिसचे मोठे सायब अनंतराव. "या आजी, बसा आजी, पाणी घ्या आजी." एवढं आजी माझ्या नातवंडांनी जन्मात म्हणलं नाय. मेस्त्रीनं रिकामी गाडी सपाट आवारात दोन फेऱ्या फिरवली. ब्रेक पहिल्या दाबाला लागला. कागद हातात दिला. आवडानं वाचला — 'तक्रार आढळली नाही.' हा तिसरा कागद.

आन बन्सी काय बोलतो? "बाकी गाडी लई भारी हाय सायब, तेवढं ब्रेकचं बघा." जशी काय जावयाची चहाडी सांगतोय.

सायब मलाच म्हणाले, "आजी, काही ड्रायव्हरांना ब्रेकवर पाय ठेवून चालवायची सवय असते."

आवडा, लिही — तोंडात साखर, डोक्यात भुसा. लिहिलं का? वाच बरं.

(लिहिलं आहे, आत्याबाई. — आवडा)

गुरुवार, ४ जानेवारी

चाळीस क्रेट. ब्रेक दोनदा गेला, दोन्ही बाऱ्या तिसऱ्या दाबाला लागला. घाटात एकदा, किल्ल्याच्या दरवाजाअलीकडं एकदा. धुतल्यानं गुण आला नाय.

शनिवार, ६ जानेवारी

आज कडूबाच्या गाडीत बसून घरी आले. कडूबा म्हणजे आमच्या गल्लीतला, ढेपेची पोती वाहतो. गाडी बन्सीच्या गाडीसारखीच, एकाच महिन्यातली. कधीबी विचारा, "आपली गाडी काकू, लोणी!"

बसताना पायाला दगड लागला. चांगला पायलीएवढा, शेंदूर लावलेला.

"काकू, पाय नका लावू, देव हाय."

"कोणता?"

त्यानं समोर रस्त्याकडं पाहिलं. "रस्त्याचा."

मी हात जोडले. मग देव उचलून पाहिला. खालून सगळा टायरनं काळा झालेला.

"कडूबा, तुझा देव चाकाखाली जातो काय रे?"

 मग नाक्यापर्यंत सगळं ओकला. तिसऱ्यांदा दाबला की लागतो. चढावर गाडी उभी केली की चाकाला दगड लावतो. बायको विचारील म्हणून शेंदूर. शोरूमवाले म्हणतात, तक्रार नाय. मी विचारलं, गाडी धुऊन नेली होती का? व्हय, पोती उतरवून, हार घालून.

"मग कोणाला बोलला का नाय?"

"गाडीचं नाव खराब झाल्यावर उद्या कोण घेईल, काकू? आन तुमचा बन्सी तर म्हणतो, त्याची लोणी हाय."

घरी आले. बन्सीच्या सीटखाली हात घातला. आमचाबी देव निघाला. ताजा शेंदूर, हाताला लागला.

शेजारच्या पुंजारामकडं तशीच गाडी. त्याच्या देवापुढं तर नारळ फोडलेला.

रविवार, ७ जानेवारी

चाळीस क्रेट. किल्ल्याच्या दरवाजातून एकावेळी एकच गाडी जाते. आत बस अडकलेली, बाहेर माणसं उभी. एक बाई कडेवर लेकरू घेऊन आमच्याकडं पाठ करून फोटो काढत होती.

तिसऱ्यांदाबी लागला नाय. चौथ्यांदा लागला. तिचा पदर आन आमचं बंपर, मधी हातभर जागा. तिला कळलंबी नाय.

बन्सी जेवला नाय. भाकरी मोडली आन तशीच ठेवली. म्हणाला, "माय, उद्यापासून तू गाडीत येऊ नको."

"आन तू?" म्हणलं.

"पेरू पिकलेत. ते थांबत नायत."

म्हणजे मी मरू नये, त्यानं मरावं. आवडा, पेन का थांबलं तुझं? लिही.

सोमवार, ८ जानेवारी

गाडीची चावी मी कनवटीला लावली. बन्सी सकाळभर घिरट्या घालत होता. माझ्या कनवटीला हात घालायची त्याची टाप नाय. पेरू एका टेम्पोवाल्याच्या हाती पाठवले.

विचार केला. पोरगी दाखवायला बसवली की ती खोकत नाय. आपण गाडीला न्हाऊ घालतो, ओझं उतरवतो, मग सायबापुढं उभी करतो. ती कशाला खोकंल?

शोरूमला फोन लावायला लावला. "अनंतराव सायब, म्हातारीनं बोलावलंय, आमच्या बागेतले पेरू खायला या." गुरुवारी येतो म्हणाले.

बन्सी लगेच बादली घेऊन निघाला. म्हणलं, गाडीला पाणी लावशील तर तुलाच धुईन.

गुरुवार, ११ जानेवारी

सायब आले. सहा पेरू खाल्ले. "आजी, असा पेरू शहरात मिळत नाही." म्हणलं मिळतो, हाच असतो, पोचला तर.

गाडी भरून तयार. चाळीस क्रेट, चाकं चिखलाची, टपावर कोंबडीनं केलेलं तसंच. सायबाची गाडी बागेपाशी ठेवली आन म्हणलं, "खालपर्यंत तुम्हीच चालवा. बन्सीला ब्रेकवर पाय ठेवायची सवय हाय."

नाय कसं म्हणतील? ते चालवायला, मी मधी, बन्सी दाराशी. माझ्या मांडीवर देव. मी भीत नव्हते असं लिही. खोटं हाय, पण लिही.

पहिलं वळण बरं गेलं. दुसरं बरं गेलं. तिसऱ्याला सायबाचा पाय खाली गेला आन तोंडातली साखर संपली.

"आजी —"

"दाबा. तिसऱ्यांदा लागतो."

"लागत नाहीये!"

"कितवी बारी? तुम्ही मोजा, तुम्ही शिकलेले."

बन्सीनं माझ्या अंगावरून वाकून हँडब्रेक ओढला, ओरडला, "सायब, खालचा गिअर टाका, डाव्या हाताला घ्या!" गाडी कडेच्या खडीच्या ढिगावर चढली आन थांबली. तीन क्रेट रस्त्यावर सांडले. पंचनामा माकडांनी केला.

सायब खाली उतरले.  मग माझ्या मांडीवरचा देव उचलला आन स्वतः चाकाखाली लावला. कोणी सांगितलं नव्हतं.

बन्सी माझ्याशी बोलत नाय. बरोबर हाय त्याचं.

शुक्रवार, १२ जानेवारी

अनंतरावांचा फोन. कंपनीला कळवलं म्हणाले, ओझ्याखाली ब्रेक जातो, मी स्वतः पाहिलं. पण वरचे विचारतात — कधीपासून? कोणत्या तारखा? किती ओझं? लेखी काय हाय?

कडूबाला विचारलं, तो म्हणे पावसाळ्यानंतर कवातरी. पुंजाराम म्हणे, देवाला ठाऊक. आमच्याकडं तीन कागद, तिन्हीवर 'तक्रार आढळली नाही'.

मी हातानं नको नको करत होते, तरी आवडा चुलीपुढून बोललीच, "आत्याबाईंच्या वहीत सगळं आहे."

खरंच हाय. दिवाळीपासून एकेक बारी. तारीख, जागा, क्रेट, कितव्या दाबाला लागला. चौघं शिकलेले मालक-सायब, आन लेखी काय ते माझ्याकडं.

शनिवार, १३ जानेवारी

तीन तारखेचं, भुसा म्हणलेलं पान फाड म्हणलं. आवडा म्हणती, पान फाडलं तर अख्खी वही खोटी धरतील. एवढी अक्कल हाय तर कढीत मीठ का विसरते?

रविवार, १४ जानेवारी, भोगी

अनंतराव वही न्यायला दारात बसलेत. तिन्ही गाड्या त्यांनी उभ्या करवल्या, बाकी गावोगावच्या थांबवायच्या का ते वही वाचून ठरणार. बन्सी भरदिवसा घोरतोय, दिवाळीपासून पहिल्यांदा.

तर वाचणाऱ्या, तू कोण ते आज कळलं. चाळणी म्हणलं ते तुम्हालाच लागलं, सायब. तीन तारखेचं पान वाचा, ते तवाचं खरं. अकरा तारखेचंबी वाचा. विसरू नका.

आवडा, वहीबरोबर डबा दे. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. तिळगूळ नको. गोड ते आधीच लई बोलतात.