वाटीच्या कडेचे दात

काका, तुम्हाला लिहायचं मी टाळत आलो. तुम्ही गेलात तेव्हा मी हिमाचलमधल्या एका हॉटेलात वायफाय नीट करून देत होतो आणि त्या बदल्यात राहत-जेवत होतो. बातमी कळली तोवर तेरावं उलटून गेलं होतं. तेव्हा लिहायला बसलो होतो, खोटं नाही, पण कागद शोधता शोधता एका माणसाची जुनी रॉयल एनफिल्ड दिसली आणि तिचा कार्बोरेटर उघडून बसलो. मग सुरत, मग गोवा, मग अजून कुठे. आज लिहितोय कारण लॅपटॉपवर कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरच्या सिस्टिमचा गाभा, बांधून होतोय, पाऊण तास स्क्रीनवरून पळणाऱ्या ओळी बघण्याशिवाय मला काम नाही, आणि या घडीला मला शिव्या द्यायचा हक्क असलेला माणूस एकच, तो तुम्ही.

चिंचणीला तुमच्या ओटीवरच बसलोय. समोर तुमचं कोरणीचं मशीन, तुम्ही भंगारातून मोटरी आणून जुळवलेलं. आज ते सहाव्या दिवशीही बंद आहे. या गल्लीत अजून घराघरांत डाय, म्हणजे दागिन्यांचे साचे, कोरतात, लोखंडाच्या ठोकळ्यावर छिन्नी-हातोडी घेऊन, डोळ्याला भिंग लावून. या कामाला कॉम्प्युटर जोडला तो तुम्ही एकट्यानेच. तुमच्यामागे काकूंनीच हे चालवलं. त्यांना कॉम्प्युटर येत नाही, चार बटणं येतात. मंगळसूत्राच्या वाटीची डाय लावायची, चार बटणं दाबायची आणि मशीनचं टोक लोखंडात उतरताना पाटावर बसून बघत राहायचं. मुलगी, आपली ताई, वापीला बोलावते, दर सणाला बोलावते. काकूंचं उत्तर ठरलेलं, "मशीन चालतंय तवर मी हितं. बंद पडलं का येईन." ते आता बंद पडलंय. ताई रविवारी गाडी घेऊन येणार आहे. काकूंनी पितळेची भांडी पोत्यात भरायला घेतली आहेत, आणि भांड्यांचा आवाज मला इथे ऐकू येतो.

तुम्ही मला पहिल्यांदा हा कर्नल बांधायला बसवलंत तो दिवस आठवतो. आयटीआय दुसऱ्या वर्षात सोडून मी बोईसरच्या नाक्यावर मोबाईल दुरुस्त करत होतो, वडील एमआयडीसीत शिफ्टला जात आणि घरी माझ्याशी बोलत नसत. रक्ताचं नातं नसताना तुम्ही म्हणालात, चल, तुला सिस्टिमच्या पोटात काय असतं ते दाखवतो. मला वाटलं काहीतरी भारी असेल. निघाले नुसते प्रश्न. हे हार्डवेअर हवं का, हो की नाही. ते हवं का, हो की नाही. असे हजारो. तुम्ही स्वयंपाकघरात चहा ठेवायला उठलात आणि मी एंटरवर बोट दाबून धरलं. प्रश्न धबाधबा वाहून गेले, खिडकीतून मी बाहेर बघतोय, वाडीत कुणीतरी ताडावर चढतोय. तुम्ही मागून येता आणि माझं बोट धरून बटणावरून उचलता. तुमच्या हाताला आल्याचा वास येतो.

"एंटर म्हणजे 'हो' नाय रे," तुम्ही म्हणालात. "एंटर म्हणजे 'मला काय त्याचं'."

मग तुम्ही शाळेची दोनशे पानी वही आणलीत. तीन रकाने आखून दिलेत. प्रश्न काय, उत्तर काय, का. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं. तुमचं म्हणणं होतं की मशीन उद्या दुसऱ्याच्या हातात जाईल तेव्हा त्याला 'का' सापडलं पाहिजे, उत्तर काय कुठेही मिळतं. रागावला नाहीत, हेच मला जास्त लागलं. चार दिवस आपण बसलो. काकू मधेच सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी देत आणि तुम्हाला म्हणत, एवढं तर लगीन जमवतानापण विचारलं नव्हतं.

आता मी काय केलं ते. परत आलो, काकूंना भेटायला आलो, त्यांनी जेवायला घातलं आणि त्या बोईसरच्या बाजारात गेल्या. मी एकटा. कॉम्प्युटर चालू होता आणि त्यावर तुमच्या कर्नलच्या जुन्या आवृत्तीचा नंबर दिसत होता. मला अंगात खाज सुटली, दुसरा शब्द नाही. म्हटलं, एवढं जुनं कशाला, काकू येईपर्यंत नवं टाकून देऊ, खूश होतील. डिस्क पुसली. तुमची सगळी उत्तरं त्या डिस्कवरच एका फाईलमध्ये होती, ती गेली, हे मला पुसून झाल्यावर सुचलं. वाट्यांची डिझाइनं काकू पेनड्राईव्हवर, हळदीच्या डब्यात ठेवतात म्हणून वाचली. काकू आल्या तेव्हा स्क्रीन सुंदर दिसत होता. चार बटणं दाबली. टोक जागचं हललं नाही.

म्हटलं, वही आहे ना. वही सापडली, कपाटाखाली. पहिली वीस पानं झकास, तुम्हाला दाखवायला म्हणून काढलेलं अक्षर. मग 'का' या रकान्यात 'तेच', 'तेच', 'तेच'. मग 'काका म्हणाले म्हणून'. असं तीन पानं, काका म्हणाले म्हणून. मग एका होडीचं चित्र, बरं आलंय. आणि जिथे प्रोसेसरची वीज वाचवायच्या सेटिंग असायला हव्या होत्या तिथे पालघर-सातपाटी एसटीच्या वेळा. मला तेव्हा सातपाटीला का जायचं होतं तेही आठवत नाही.

तेव्हापासून बांधतोय. पहिला कर्नल चढला आणि लगेच मेला, त्याला स्वतःची डिस्कच सापडेना, कारण डिस्कचा ड्रायव्हर मी आत घ्यायच्या ऐवजी बाहेर, मॉड्यूल म्हणून सुटा ठेवला होता, आणि मॉड्यूल त्याच डिस्कवर. म्हणजे किल्ली आत ठेवून कुलूप लावलं. ते समजायला दीड दिवस. दुसरा चढला, पण मशीन ज्या जाड केबलवर लटकलंय तो पोर्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरने बळकावून ठेवला. या घरात प्रिंटर कधी नव्हताच. पण तो प्रश्न आला तेव्हा मी एंटर दाबला असणार, कारण त्याच वेळी माझा मित्र व्हिडिओ कॉलवर बेटेगावची भाड्याची खोली दाखवत होता. आता तिसऱ्याचं ऐका. मशीन हललं, मी ओरडलो, काकू भांडी टाकून धावत आल्या. डाय कोरून झाली. काकूंनी मेण मऊ करून त्यात दाबलं, ठसा उजेडात धरला. गोल वाटी, पण कडेला बारीक दात, दर काही अंतरावर एक. टोक मधेच कुठेतरी थबकतंय. प्रोसेसर क्षणभर डुलकी घेतोय की दुसरं काही, मला कळत नाही. वीज वाचवायचं सगळं बंद केलं, दात राहिले. कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाची सेटिंग बदलली, दात राहिले. इंटरनेटवर लोक सांगतात त्यातलं निम्मं एकमेकांच्या उलट आहे. काल दुपारी मी माऊस भिंतीवर मारला. आता तुमच्या जुन्या माऊसवर काम करतोय, त्याचं उजवं बटण चालत नाही.

आज सकाळी तो मेणाचा ठसा काकूंनी कागदात गुंडाळला आणि चपला घालून बाहेर गेल्या. आल्यावर पुन्हा भांडी भरायला लागल्या. कुठे गेलात विचारलं तर म्हणाल्या, "तू तुजं कर."

एक राहिलं. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहितो. काकूंना मी सांगितलंय की डिस्क जुनी झाली होती, आपोआप गेली. त्यावर त्या म्हणाल्या, "वस्तू हाय, जायचीच. तू होतास ते बरं झालं." आणि वर अंड्याची पोळी करून वाढली. मी ती खाल्लीसुद्धा.

चौथा बांधून होत आलाय. ओटीखाली कुणीतरी खाकरलं. काकूंनी घाईने पदर सावरला, म्हणून मी वाकून बघितलं. तुमचे थोरले भाऊ आलेत. मागच्या गल्लीत हाताने डाय कोरणारे, तुम्ही हे मशीन घरात आणलंत त्या दिवसापासून ज्यांनी या उंबऱ्यात पाय ठेवला नव्हता ते. ठसा काकूंनी यांच्याकडेच नेला होता. कागद उलगडून तो तळहातावर धरलाय, गळ्यात भिंग लटकतंय, आणि चपला काढता काढता, मशीनकडे न बघता, ते मलाच विचारतायत, "इतकी वर्षं चालत होतं ना? मंग बंद कसं पडलं, ते पयले सांग." काकूसुद्धा हातातलं भांडं तसंच धरून माझ्याकडे बघतायत. उठतो.