सरपंच मुठीत घेण्याचा प्रयोग

२ मार्च १९६४
खामगावच्या बाजारात मानसशास्त्राचं पुस्तक घेतलं. माणूस असा का वागतो, त्याला आपल्या मनासारखं कसं वागवायचं, सगळं आत आहे. अडीच वर्षं या गावात ग्रामसेवक म्हणून सडतोय. कोकिळा माहेरी बुलढाण्याला, सातवा महिना. बाळंतपणाआधी बदली हवी, आणि बदलीला सरपंचांची शिफारस हवी. महिन्याभरात गुलाबराव सरपंच माझ्या मुठीत!

५ मार्च
नियम पहिला: उपकार करा, माणूस बांधला जातो. गुलाबरावांच्या लेकीच्या सासरी पाच पानी पत्र लिहून दिलं. खूश. वा रे मी!

११ मार्च, सकाळ
गुलाबरावांनी शेजारच्या तानाबाईला पाठवलं. तिचा लेक फौजेत. तिच्या मागे आणखी सहाजण. सात पत्रं झाली. गाव बांधलं जातंय.

१९ मार्च
नियम दुसरा: स्तुती. गुलाबरावांना म्हणालो, माणसं ओळखावीत तर तुम्हीच. ते म्हणाले, हाव, मले माणूस पाह्यताच समजते. लागला गळाला बिचारा!

२ एप्रिल
विहिरीत औषध टाकणं, भावाभावांचं बांधाचं भांडण, मोतीरामचा आजारी बैल, सगळं माझ्याच डोक्यावर. जेवायला फुरसत नाही. कोकिळा विचारते, येता की नाही? लिहिलं, धीर धर, प्रयोग रंगात आलाय. खरं सांगायचं तर जीव गुदमरतो. उद्यापासून पत्रं बंद म्हणजे बंद!

३ एप्रिल
आठ पत्रं. तानाबाई रडली. रडणाऱ्या बाईसाठी पुस्तकात नियम नाही.

१७ एप्रिल
शिफारशीचं हळूच काढलं. गुलाबराव म्हणाले, काऊन घाबरता भाऊ, तुमच्यासाठी गावसभा घेऊ, बीडीओ सायबाले लिहून देऊ. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. याला म्हणतात मानसशास्त्र! ट्रंक भरायला घेतली.

२८ एप्रिल
गावसभा. शेला, नारळ, हार. मी निरोपाचं भाषण ठोकलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. मग गुलाबराव उठले. म्हणाले, असा माणूस पुन्हा भेटत नाही, याले अजून तीन वर्षं हलवू नका असं सायबाले कळवून देऊ. टाळ्या. तानाबाईने माझी दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडली.

ठराव एकमताने मंजूर. सभेचा ठराव ग्रामसेवकाने लिहायचा असतो. लिहिला. खाली सही केली.