बाकावरचा अंदाज, घरातला अंदाज

१२ मार्च, मंगळवार

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. तुझं प्रशिक्षण नीट चाललं असेल आणि होस्टेलचं पाणी मानवलं असेल, असं धरून चालते. इकडे सगळे ठीक. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय. तुझा नवरा ऐसपैस झोपतो आणि घोरण्याने भिंत हलवतो. इतके दिवस हे सोसलंस म्हणून तुझा सत्कारच करायला हवा.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोललेलं सगळ्यांचं असतं, आणि हे मला यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. दुपारचे पडलेत, तेवढ्यात लिहिते आहे.

तुम्ही पाहून ठेवलेल्या फ्लॅटच्या बिल्डरचा काल फोन आला होता. महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो, म्हणाला. लेकाने नेहमीप्रमाणे यांना विचारलं, "बाबा, व्याजदराचं काय होईल?" यांनी नेहमीप्रमाणे मान हलवली. "मोठी बँक शुक्रवारच्या बैठकीत दर वाढवणार. काळ्या दगडावरची रेघ. हप्ता झेपायचा नाही. थांबा."

जन्मभर बँकेच्या कर्जखात्यात काढलेला माणूस असं म्हणाल्यावर लेकाने बोलायचं तरी काय? मागच्या बैठकीआधीही हेच झालं. दर वाढला नाही, तर हे म्हणाले, "संकट पुढे ढकललंय." दीड वर्षं घराचं घोंगडं भिजत पडलंय. आणि तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीत, यांच्या बातम्या संपून टीव्ही बंद होईपर्यंत गादी घालायची वाट बघत बसता. तू कधी चकार शब्द काढला नाहीस. मला दिसत होतं.

तर आज सकाळी बाजारातून येताना बागेपाशी घड्याळवाले भेटले. घड्याळं दुरुस्त करतात आणि रोज यांच्याबरोबर बाकावर बसतात, तेच. म्हणाले, "वहिनी, तुमच्या ह्यांनी आम्हाला पार धुतलं हो. दर बैठकीआधी आमची चहाची पैज लागते. मागे म्हणाले, दर हलणार नाही. नाही हलला. आता म्हणतात, शुक्रवारी पाव टक्का उतरणार. मी तर पैज लावायचंच सोडलं."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. बाकावर उतरणार, आणि घरात वाढणार?

हे उठले वाटतं. उरलेलं उद्या.

बुधवार

काल संध्याकाळी लेक यायच्या आत विचारलंच. म्हटलं, "तुमचे अंदाज दोन असतात का? बाकावरचा एक आणि घरातला एक?"

हे चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते. मग म्हणाले, "बाकावर चुकलो तर एक चहा जातो."

"आणि घरात?"

"घरात बरोबर आलो तर मुलं जातात."

मी खरं तर तोंडसुख घ्यायच्या तयारीने बसले होते. तेवढ्यात हे उठून नळाकडे गेले आणि तो घट्ट करत राहिले. तो नळ घट्ट करून थांबत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

लेकाच्या आधी तुला कळवते आहे, त्याला कारण आहे. तो बापावर चिडेल आणि चार दिवस बोलायचा नाही. तू चिडणार नाहीस. तू त्याला तुझ्या पद्धतीने सांग.

आणखी एक लिहून टाकते, म्हणजे सगळा दोष एकट्या यांच्यावर नको. तुम्ही जाऊ नये असं मलाही वाटतं. संध्याकाळी दारात तुझ्या किल्लीचा आवाज आला की मला बरं वाटतं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. पण आमच्या करमणुकीसाठी तुम्ही जमिनीवर किती वर्षं गादी घालणार? घर घ्या. हे पत्र पोचेपर्यंत शुक्रवारचा निकाल लागलेलाही असेल. दर उतरो, चढो, नाहीतर तिथेच बसो.

आज सकाळी चहा घेताना हे आपणहून म्हणाले, "बिल्डर पार्किंगचे वेगळे पैसे मागेल. देऊ नका म्हणावं. तिथे घासाघीस होते." मग थोड्या वेळाने विचारलं, तिकडे जायला बस कोणती. मी म्हटलं, मला काय ठाऊक. खरं तर बस कुठे बदलायची हेसुद्धा मी केव्हाच विचारून ठेवलंय.

इतकं झाल्यावर पत्र लपवण्यात अर्थ नव्हता. यांच्यासमोर ठेवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घड्याळवाल्यांचं वाचताना जरा हसले, आणि पेन मागितलं. मी म्हटलं, तुम्हाला लिहायचं ते माझ्या सहीखाली लिहा.

तब्येतीला जप. परत येशील तेव्हा आपण दोघी खिडक्यांची मापं घ्यायला जाऊ. पडदे मी शिवणार.

तुझी,
आई

ता. क. थांबू नका.
— बाबा