गुलाबी टोपी आणि अक्काची ओवाळणी

जळगाव, ८ नोव्हें. ५४, सोम.
घात झाला. सगळं धुणं गुलाबी. माझी धोतरं, सदरे, कचेरीची टोपी, शकूचा शाळेचा पांढरा झगा. बाप्याने नळावर धुणं बडवलेलं कुणी बघू नये म्हणून उजाडायच्या आत चाळीच्या नळावर जातो. अंधारात हिचं लाल लुगडं पांढऱ्यांत गेलेलं दिसलंच नाही. शकू ते पांघरून निजते. काल चिवडा जास्त खाऊन त्यावर ओकली, म्हणून मीच बादलीत कोंबलं होतं.
ही, शकूची आई, ते वेगळं धूत असणार. गेल्या श्रावणात गेली. आता कुणाला विचारू?

९, मंगळ.
लिंबू-मीठ चोळून उन्हात टाकलं. ढिम्म! सोड्यात उकळलं. धोतरं जरा फिकी झाली, झगा तसाच. मग हुशारी केली, नीळ दिली. गुलाबीवर निळा म्हणजे जांभळा, हे ऐनवेळी आठवलं नाही. झग्याची एक बाही जांभळी. शकू खूश. "नाना, दुसरी पण करा ना."
आणि हे सगळं आत्ताच व्हायचं होतं. भाऊबीजेला धुळ्याला अक्काच्या ताटात हिरवं लुगडं ठेवलं, तर तिने बाजूला सारलं. "मला ही ओवाळणी नको, दत्तू. शकू दे. बाप्याच्या हातून पोर वाढत नाही." सगळ्यांदेखत. मी "बघू" म्हणालो. कशाला म्हणालो! लुगडं परत घेऊन आलो, ते पेटीत पडलंय. अक्का महिनाअखेर पोरीला न्यायला येणार. आणि पोरीच्या अंगात हा असला झगा.

११, गुरु.
गुलाबी टोपी घालून कचेरीत गेलो. दुसरी नाही, आणि टोपीपायी रजा का म्हणून घेऊ?
हेडक्लार्क : "काय हो, हा कुठला नवा पक्ष?"
मी : "विधुरांचा."
कान तापले होते, पण टोपी काढली नाही.

१४, रवि.
अंधारात धुतलं म्हणून हे झालं. मग अंधारात धुवायचंच कशाला? चोरी केलीय का कुणाची? आज लख्ख उन्हात बादली घेऊन बायकांच्या रांगेत उभा राहिलो. पदर तोंडाला लावून हसणं चाललं होतं. शेजारच्या सखूबाईने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय भाऊ, घरमा कोनी बाई नई शे का?"
म्हटलं, "नई शे. म्हणूनच आलो. सरका जरा."
सरकली. माझी बादली बघून म्हणाली, "अरे देवा, बठ्ठं गुलाबी करी टाकं!" सगळंच गुलाबी, खरंच की. मग मात्र मलाच हसू फुटलं, किती दिवसांनी. सगळा नळ हसला. लाल लुगडं वेगळ्या बादलीत धुतलं. ती बादली शकूने सांभाळली, कुणाला हात लावू देईना.

१७, बुध.
झग्यापायी शाळेत शकूला मागे बसवलं. विचारलं, रडलीस का? "नाही. मागून खिडकी दिसते."
हेडक्लार्क बाजूला घेऊन हळूच, "दुसरं लग्न करा. कपड्यांचे प्रश्न आपोआप सुटतील." धुण्यासाठी बायको? असल्या लग्नापेक्षा गुलाबी टोपी बरी. तोंडावर सांगितलं. बढतीचं आता काय होतं ते बघू.

२१, रवि.
धोब्याकडून रंग उडवायची पावडर आणली. भिजवायला झगा काढला तर शकू तो घेऊन पळाली, सखूबाईच्या घरात लपली. "आईच्या लुगड्याचा रंग आहे. काढायचा नाही."
मागे बसवतात तर बसवू देत. पावडर परत केली. दुसरा झगा शिवायला टाकतो, शाळेला तो. पण हा असाच राहील.

२७, शनि.
अक्का आली. धुण्याची दोरी मी मुद्दाम रस्त्याच्या बाजूला बांधलीय. गुलाबी धोतरं, गुलाबी सदरा, एका जांभळ्या बाहीचा झगा. अक्का खाली उभी राहून बघत राहिली. "दत्तू, लोक काय म्हणत असतील?"
"म्हणू देत. धुतलेलं आहे सगळं."
जेवताना तिने विषय काढला. शकूचं दप्तर, कपडे बांधून ठेव म्हणाली. शकूचा घास हातातच राहिला. मी उठलो, पेटीतलं हिरवं लुगडं काढून अक्कासमोर ठेवलं. "ओवाळणी ही. दुसरी मिळणार नाही. तू थोरली आहेस, आईच्या जागी आहेस, पाया पडतो. पण पोर देत नाही."
आवाज चढला असावा. अक्काने लुगडं घेतलं नाही, सारलंही नाही. तिच्या पिशवीवर राहिलं.

२८, रवि.
नळावरून धुणं घेऊन आलो तर अक्का न्हाणीत. पिशवीवर लुगडं नाही. आत नेलं की उचलून कुठे ठेवून दिलं, कळायला मार्ग नाही. शकूला विचारायचा धीर होईना. तिचे कपडे खुंटीवर आहेत, बांधलेले नाहीत.
न्हाणीच्या दाराशी एक रिकामी बादली दिसली. ही इथे कशाला, म्हटलं.
शकू म्हणाली, "आत्याच्या लुगड्याला. नवं आहे नाना, वेगळं भिजवायला लागेल."
आतून अजून पाण्याचा आवाज येतोय.