क्रुसावरचा फ्लेक्स

३ नोव्हेंबर, सोमवार
गाळा जाणार! गाळामालक लक्ष्मणरावांनी आज तोंडावरच सांगितलं. मुलाला तिथं मशिनी टाकायच्यात — महिनाअखेर खाली करा. चिखलीत दर रविवारी उपासनेला पत्र्याचा गाळा दुसरं कोण देणार आम्हाला? पास्टर शांतवन म्हणाले, शुक्रवारी सगळ्या मंडळीनं उपास धरून प्रार्थना करायची. मी मान डोलावली. मनात म्हटलं, उपाशी राहून गाळे वाचतात होय!

५ नोव्हेंबर, बुधवार
सेकंड शिफ्ट. सकाळीच रणजीतदादांच्या ऑफिसला जाऊन आलो. निवडणूक तोंडावर आहे, दादा उभे आहेत, आमचीही मतं आहेतच की. दादा म्हणाले, "टेन्शन घेऊ नका भाऊ, रविवारी येतो." मी वाकून पाया पडलो. कंपनीत लाइनवर सगळ्यांवर खेकसणारा मी — किती सहज वाकलो! पास्टरांना विचारलंसुद्धा नाही. मिनल म्हणाली, "देवाला तरी कळवलंत का?" बायकोला टोमणे कुणी शिकवायला नकोत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
मंडळीचा उपास. मी चाकणला कॅन्टीनमध्ये मिसळ खाल्ली.

९ नोव्हेंबर, रविवार
लाज वाटते. लिहायलाही नको वाटतंय.

आज हंगामाचा सण. लोकांनी ज्वारी, भोपळे, मेथीच्या जुड्या आणल्या होत्या देवाला. दादांच्या माणसांनी फ्लेक्स आणला आणि भिंत मोठी म्हणून नेमका क्रुसावर लावला. स्टूल मीच धरलं! गाणं मध्येच थांबवून शाल, नारळ, भाषण. "हा गाळा कुणी हलवूनच दाखवावा!" टाळ्या. पास्टर काहीतरी सांगायला उठले होते. माइक मिळालाच नाही, बसले.

मग सोजराबाई. मोतीबिंदूमुळे म्हातारीला धड दिसत नाही. दर रविवारसारखी भिंतीपाशी गेली, पदर पसरला, रडली — दादांच्या फोटोपुढं! मागं कुणीतरी हसलं. मी तिला धरून बाजूला आणलं, काय झालं ते सांगितलं.

"आसू दे लेकरा. त्यो मागं हाय ना?" म्हणाली, आणि माझ्याच डोक्यावर हात ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पास्टरांची माफी मागायला निघालो. त्यांच्या गल्लीतल्या गिरणीपर्यंत गेलो. दळण नसताना गिरणीत उभा राहिलो आणि परत आलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
दादांच्या माणसाचा फोन. दादांना जागा फार आवडली. तिथं त्यांचं संपर्क कार्यालय होणार. "तुमचं सामान तेवढं उद्या हलवा, भाऊ." भाऊ म्हणे!

१६ नोव्हेंबर, रविवार
सोजराबाईच्या खोलीत उपासना. अर्धी माणसं बाहेर, चपलांपाशी. भिंतीवर काही नाही. पास्टरांनी प्रार्थना करायला मलाच उभं केलं. ते थांबले, सगळे थांबले. शेवटी "प्रभू, मी घाबरलो" एवढंच म्हणालो आणि खाली बसलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार
लक्ष्मणराव बसस्टॉपवर भेटले. मुलाच्या मशिनींचं काय झालं, विचारलं.

"त्या टाकल्या की तळवड्यात. उपासाच्या दिवशी सांजच्यालाच पास्टरांस्नी सांगितलं हुतं, ऱ्हावा निवांत म्हून. रविवारी समद्यास्नी सांगतो म्हनले. पर तुमी दादांना आनलं, त्यांनी जागा मागितली. आता त्यांना मी कसं न्हाई म्हनू? पास्टरांनी सांगितलं न्हाई व्हय तुमाला?"

नाही सांगितलं. काल उपासनेनंतर माझ्या शेजारीच जेवायला बसले होते. आपल्या ताटातली भाकरी मला वाढली.