बुलेटच्या पोटाचा हैदराबादहून इलाज

४ डिसेंबर. हैदराबाद.
बहिणीचा, कोमलचा फोन. बुलेटला जुलाब. मी तेव्हा सीलिंगखाली लाकडी घोडीवर उभा, हातात पीओपीचं घमेलं. बहीण म्हणाली, दादा, बुल्या नुसतं पाणी हगून राहिला, अंगणात पाय ठेवायला जागा न्हाई. मी म्हणालो, घाबरू नको, मी आहे ना. एवढं बोलेपर्यंत घमेल्यातलं पीओपी दगड झालं. त्याचं असंच असतं. घोळलं की लगेच लावावं लागतं, कुणाच्या फोनसाठी थांबत नाही.
रामसिंग मेस्त्री ओरडला. हा आमच्याच सेनगावकडचा, तांड्यावरचा. इथं सीलिंगचा ठेका त्याचा. म्हणालो, घरी पेशंट आहे. त्याने विचारलं, कोण? म्हणालो, घरातलाच.
बुलेट माझं कुत्र्याचं पिल्लू. मागच्या सुट्टीत सेनगावच्या स्टँडवरून उचलून पुसेगावला घरी आणलं. गावठी आहे म्हणतात. कानाकडून पाहिलं तर थोडं जर्मन वाटतं.
ठरलं. ट्रीटमेंट मी इथून करणार. मोबाईल कशासाठी आहे?

५ डिसेंबर
कारण सापडलं. शेजारच्या ग्यानबाकाकाची म्हैस व्याली. आमच्याकडे पहिला चीक शेजारीपाजारी वाटल्याशिवाय स्वतःच्या घरात खरवस करत नाहीत. आलेला तांब्या नको म्हणता येत नाही. तो तांब्याभर चीक घरच्यांनी बुलेटला पाजला! कुणाच्या डोक्यातून निघालं, म्हणून मी फोनवर जोरात विचारलं.
माय म्हणाली, तुझ्याच. परवा तूच म्हणला, माझ्या वाट्याचा चीक बुलेटला द्या, पैलवान होईल.
म्हणालो असेन. पण किती पाजायचा हे मी सांगितलंच नव्हतं. घरच्यांनी अंदाज घ्यायला नको?
ऑर्डर दिल्या. एक, कडक उपास, पाणीसुद्धा नको. खालून पाणी जातंय तर वरून कशाला घालायचं? दोन, डाळिंबाची साल उगाळून. तीन, कपाटात माझी जुलाबाची गोळी आहे, ती अर्धी. चार, रोज दोन टाईम फोटो. बुलेटचा नाही. खालचा.

६ डिसेंबर
सकाळचा फोटो आला. जेवायच्या सुट्टीत झूम करून नीट पाहिला. रंग, पातळपणा, फेस. दुसरं मत घ्यावं म्हणून विकासला दाखवला. विकास माझा रूम पार्टनर, साईटवरही सोबत, बारावी पास. त्याच्या ताटात वरण होतं. ताट उचलून तो जिन्यात जाऊन बसला. शिकलेल्या माणसाला शिकायची हौस नसते.
कोमल म्हणाली, एवढंसं लेकरू, उपाशी कसं ठेवू? मी व्हॉइस मेसेज टाकला. लांबलचक. शिस्त, उपास, माणसाचं शरीर, कुत्र्याचं शरीर, सगळं आलं त्यात. तिने नुसता अंगठा पाठवला. म्हणजे पटलं.
रामसिंगने आज वाया गेलेलं दुसरं घमेलं माझ्या पगारातून कापतो म्हणून सांगितलं.

७ डिसेंबर
कोमल फोन उचलत नाही. शेवटी आबांनी उचलला. म्हणाले, काहून घडीघडी फोन करून राहिला? काम करतो का गच्चीवर हिंडतो? मी गच्चीवरच होतो, पण रेंजसाठी. म्हणालो, बुलेट कसा आहे? म्हणाले, बराबर हाय. आणि कट.
उपासाचा गुण आलेला दिसतो.
दुपारी बुलेटचा फोटो आला. गोणपाटावर पडलाय. डोळे जरा खोल वाटले. पुढच्या एका पायाला पांढरी पट्टी चिकटवलीय. नजर लागू नये म्हणून कोमलने काहीतरी केलं असेल. पोरींना नटवायची हौस. अडवलं नाही.
डोळे खोल वाटले ते उन्हाने असेल.

८ डिसेंबर
यश!!
फोटो आला. घट्ट. रंग एक नंबर. एवढा चांगला तर माझासुद्धा नसतो. सगळ्या साईटला दाखवला. बिहारचा एक पोरगा हात जोडून म्हणाला, भैया, बस करो.
विचार करतोय, हीच लाईन धरावी. फोनवरून कुत्र्याचा इलाज. हिंगोलीत दुकान टाकायचं, मागे खुर्ची, पुढे मोबाईल. पीओपी काय कुणीही लावतं.
रामसिंगला प्लॅन सांगितला. तो म्हणाला, आधी हॉलची सीलिंग कर, तिसरा दिवस आहे, अर्धीच लटकलीय.

१० डिसेंबर
माझ्या घरच्यांनी मला फसवलं.
मायशी बोलत होतो. म्हणालो, बघ माय, उपास आणि साल, दोन गोष्टींत बुलेट उभा राहिला. मायला हसू आवरेना. मग सगळंच सांगितलं. साल उगाळली नाही. गोळी कपाटातच. उपास सकाळपुरता केला, माझ्या धाकाने, तर दुपारपर्यंत बुलेटने मान टाकली. आबांनी त्याला टॉवेलात गुंडाळून मोटारसायकलवर सेनगावला जनावराच्या डॉक्टरकडे नेलं. सलाईन लावलं. ती पट्टी सलाईनची. पोटात जंत होते, त्यावर चीक. डॉक्टर म्हणाले, पिलाच्या अंगातलं पाणी आटलंय, उशीर केला असता तर हाती लागलं नसतं. आणि विचारलं, उपाशी ठेवा म्हणून कुणी सांगितलं? कोमल म्हणाली, हैदराबादच्या डॉक्टरनं.
मग तो घट्ट फोटो?
माय म्हणाली, ते ग्यानबाभाऊच्या मोठ्या कुत्र्याचं. तू फोटो फोटो करून पोरीचा जीव खाऊन राहिला होता, तिनं काढून दिला.
म्हणजे माझं निदान बरोबरच होतं. ते घट्टच होतं. पेशंट बदलला, त्याला मी काय करू?
मी विचारलं, मला खरं का नाही सांगितलं? आबांनी फोन घेतला. म्हणाले, सांगितलं असतं तर तू काम टाकून आला असता. तुझ्या मायचा गुडघा दुखला, तू चाकण सोडलं. वासरू हरवलं, तू सुरत सोडली. वासरू दिवस मावळायच्या आत आलं, तू चार महिने परत कामावर गेला न्हाई.
मी नोकऱ्या सोडत नाही. घरच्यांना माझी गरज लागते, एवढंच.
मान टाकली होती म्हणे. दुपारी जेवण गेलं नाही. भातच होता, तोही कच्चा.

११ डिसेंबर
निर्णय. पेशंट प्रत्यक्ष तपासल्याशिवाय भागणार नाही. रामसिंगकडे सुट्टी मागितली. म्हणाला, कुत्रं बरं झालं ना? म्हणालो, झालं, म्हणूनच. आता पुढची काळजी घ्यावी लागते. त्याने माझ्या हातातलं घमेलं काढून घेतलं. मग म्हणाला, जा. पण परत आलास अन् घोडीवर दुसरा दिसला, तर तकलीफ करून घेऊ नको.
मनाने चांगला माणूस आहे.
स्टेशनवर बिस्किटाचे दोन पुडे घेतले. हैदराबादची खास.

१३ डिसेंबर. पुसेगाव.
पोचलो. आबा ओट्यावर होते. आलास? एवढंच म्हणाले. मायने पाणी दिलं आणि विचारलं, बॅग एवढी मोठी काहून आणली?
बुलेट बाजेखाली होता. मी हाक मारली तर आतूनच गुरगुरला. राखणीचं ट्रेनिंग चांगलं झालंय.
कोमलने डॉक्टरांचे नियम सांगितले. मऊ भात, थोडा थोडा. उकळून गार केलेलं पाणी, मधून ओआरएस. जंताचं औषध परत एकदा. दुधाचा थेंब नाही. म्हणाली, दादा, थेंब न्हाई. मी म्हणालो, मला शिकवतेस व्हय?
चारला चहा झाला. बुलेट अजून बाजेखालीच. एवढ्या लांबून यायचं आणि त्याने तोंड दाखवू नये? बिस्कीट चहात बुडवून पुढे धरलं. चहात दूध असतं हे खरं, पण चहा म्हणजे दूध नाही. नाक बाहेर आलं. मग मान. मग आख्खा बुलेट. शेपूट हलवत मांडीवर! एक पुडा संपवला. हात चाटले, कोपरापर्यंत.
जनावर शेवटी आपला माणूस ओळखतंच.

१४ डिसेंबर. सकाळ.
अंगण. ओटा. माझी चप्पल. बॅगेची एक बाजू.
कोमलने रिकामा पुडा उचलून आबांच्या हातात दिला. आबांनी मोटारसायकल काढली, ती बुलेटला टॉवेलात घेऊन मागे बसली. मी म्हणालो, मी येतो संगं. आबा म्हणाले, तू अंगण बघ. मायने चुलीतली राख टोपल्यात भरली, वर फावडं ठेवलं आणि माझ्यापुढे आणून आदळलं.

दुपार.
आले. बुलेट ठीक आहे. इंजेक्शन, परत ओआरएस, परत मऊ भात. चार-पाच दिवसांनी उड्या मारेल म्हणे.
डॉक्टरांनी दारातच कोमलला विचारलं, हैदराबादचे डॉक्टर आले का?
रामसिंगला फोन लावला. त्याने उचलला नाही. मग विकासला लावला, त्याने उचलला. म्हणाला, हॉलची सीलिंग झाली, बिहारच्या पोराने केली, मस्त झाली.
राख पुरली नाही. ग्यानबाकाकाकडून आणखी एक टोपलं आणलं.